अंतिम अहवालाचीही बातमी करा : कोल्हापूरच्या संपादकांना खुले पत्र

कोल्हापूर, ऑगस्ट २०२५

प्रति,
कोल्हापुरातील दैनिकांचे संपादक, वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी आणि मोबाईलवरून बातम्या पोहोचवणारे आमचे तरुण पत्रकार मित्र,

सप्रेम नमस्कार.

१२ जून २०२५ला अहमदाबादेत एअर इंडियाचं बोइंग ७८७ कोसळलं. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९, अशी २६० माणसं गेली. बरोबर महिन्याने, १२ जुलैला, चौकशीचा प्राथमिक अहवाल जाहीर झाला. त्यानंतर आपल्याकडे जे छापलं आणि दाखवलं गेलं, आणि त्यातून लोकांच्या मनात जे पक्कं बसलं, त्याबद्दल हे पत्र लिहितो आहे. विमान देखभाल अभियंता म्हणून माझी सगळी नोकरी हँगरमध्ये आणि ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, गेली. विमान उडायला योग्य आहे अशी सही करून ते वैमानिकाच्या ताब्यात द्यायचं, हे माझं काम होतं. त्यामुळे अपघाताची बातमी मला कधीच लांबची वाटत नाही.

अहवाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर सकाळच्या फिरण्याच्या घोळक्यात एकच वाक्य ऐकू येत होतं, “काय राव, पायलटनंच बटण बंद केलं म्हणं की!” त्यापुढं कुणालाच काही विचारायचं नव्हतं. चौकशी संपली, निकाल लागला, गुन्हेगार सापडला आणि तो मेलेलाही आहे, असा एकूण सूर. लोकांना मी दोष देत नाही. त्यांनी सकाळी जे मथळे वाचले, तेच ते बोलत होते.

अहवालात काय होतं ते बघा. दुपारी १ वाजून ३८ मिनिटं ३९ सेकंदांनी विमानाने जमीन सोडली. तीन सेकंदांनी त्याचा वेग १८० नॉटवर पोहोचला आणि लगेचच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच, एका सेकंदाच्या अंतराने, ‘रन’वरून (इंधन चालू) ‘कटऑफ’वर (इंधन बंद) गेल्याची नोंद आहे. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, तू बंद का केलंस; दुसरा म्हणतो, मी नाही केलं. ५२व्या सेकंदाला पहिल्या इंजिनाचा स्विच पुन्हा ‘रन’वर आला, ५६व्या सेकंदाला दुसऱ्याचा. पहिलं इंजिन सावरायला लागलं होतं. १ वाजून ३९ मिनिटं ५ सेकंदांनी ‘मेडे’चा, म्हणजे संकटाचा, पुकारा झाला आणि ११व्या सेकंदाला रेकॉर्डिंग थांबलं. जमीन सोडल्यापासून सगळं मिळून ३२ सेकंद.

विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हे अहवालाने सांगितलेलं नाही. स्विच कसे हलले हे सांगितलेलं नाही. का, हा प्रश्न तर अजून फार लांब आहे. रेकॉर्डरमध्ये स्विचची स्थिती बदलल्याची नोंद असते, त्यावर हात कोणाचा होता किंवा होता की नाही, हे त्यात नसतं.

हा स्विच हाताखालून गेलेला माणूस म्हणून सांगतो, ते घरातल्या दिव्याचं बटण नाही. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांच्या, खाली छोटे दोन दांडे असतात. दांड्याचं डोकं चिमटीत धरून स्प्रिंगच्या जोराविरुद्ध आधी वर ओढावं लागतं, खाचेतून सुटला की मगच तो खाली येतो, आणि खाली आल्यावर पुन्हा खाचेत बसतो. बाजूला धातूच्या पट्ट्यांचं संरक्षण असतं. कोपर लागून किंवा कागद पडून तो हलू नये, याचीच ती सगळी रचना. म्हणून “कुणीतरी मुद्दाम केलं” असं पटकन वाटतं, हे मी समजू शकतो. पण त्याच अहवालात २०१८च्या एका अमेरिकी सूचनापत्राचाही उल्लेख आहे. काही बोइंग विमानांत ही खाच निकामी असलेले स्विच बसवलेले आढळले होते, तपासून घ्या, अशी ती सूचना होती. सक्तीची नव्हती, म्हणून या विमानावर ती तपासणी झालेली नव्हती. अपघातानंतर एअर इंडियाने आपल्या ७८७ विमानांवरच्या या खाचा तपासल्या आणि दोष सापडला नाही, हेही जाहीर झालं. म्हणजे एक शक्यता कमी झाली, संपली नाही. चौकशी अशीच चालते. एकेक शक्यता हातात घेऊन, तपासून, बाजूला ठेवत जायची.

चौकशी करणाऱ्या आपल्या विमान अपघात अन्वेषण मंडळालाही माझं एक सांगणं आहे. वैमानिकांच्या संभाषणातलं एकच वाक्य, तेही त्यांच्या शब्दांत न देता सारांशाने, नाव नाही, वेळ नाही, मागचं पुढचं काही नाही, असं छापायला नको होतं. द्यायचं तर संदर्भासकट द्यायचं, नाही तर अंतिम अहवालापर्यंत थांबायचं. त्या एका ओळीने उरलेला सगळा अहवाल गिळून टाकला. पुढे एका परदेशी दैनिकाने संशयाची सुई कॅप्टनकडे वळवली. तेव्हा आपल्या मंडळाला आवाहन करावं लागलं की असे अर्धवट निष्कर्ष काढू नका, आणि अमेरिकेच्या चौकशी मंडळाच्या अध्यक्षांनीही या बातम्या घाईच्या आणि तर्कावर आधारलेल्या आहेत असं स्पष्ट म्हटलं. आपल्याकडे पहिली बातमी ठळक आली. हा खुलासा किती जणांना दिसला?

शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, काम करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कास्टिंगमध्ये ब्लो होल (हवेचं छिद्र) निघाला, गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवला, की पहिलं बोट साचा करणाऱ्या मोल्डरकडे जातं. पण चांगला कारखानदार तिथे थांबत नाही. तो कास्टिंग कापून बघतो, सँडमधला (साच्याच्या वाळूतला) ओलावा बघतो, साच्याच्या आतला कोअर कधी भाजला, धातू किती तापमानाला ओतला, त्या पाळीला माणसं किती होती, घाई कुणी लावली, हे सगळं विचारतो. मोल्डरला काढून टाकलं आणि सँड तशीच राहिली, तर पुढचा लॉटही परत येणार हे त्याला ठाऊक असतं.

विमान अपघातांच्या चौकशीचा जगभरचा नियम याच समजुतीवर उभा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं तेरावं परिशिष्ट स्पष्ट सांगतं की चौकशीचा एकमेव उद्देश पुन्हा अपघात होऊ नये हा आहे, कुणावर दोष किंवा जबाबदारी टाकणं हा नाही. भारतात हे काम २०१२ सालापासून विमान अपघात अन्वेषण मंडळ करतं आणि हे वाक्य त्यांच्या अहवालांच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं. पोलिसांचा तपास आणि न्यायालय वेगळं, ते त्यांच्या वाटेने जातं. आपण बातमी देताना या दोन वाटांची सरमिसळ करतो.

अपघात झाला की पहिल्या तासाभरात काय होतं, हे बाहेर कुणाला दिसत नाही. विमानाचं टेक लॉग (बिघाड-दुरुस्तीची नोंदवही), शेवटच्या तपासणीचे कागद, बसवलेल्या प्रत्येक सुट्या भागाची नोंद, सगळं सीलबंद होतं. ज्या टँकरमधून इंधन भरलं त्याचा नमुना घेतला जातो. शेवटची सही ज्याची, त्याला बोलावणं येतं. त्या रात्री हँगरमधला प्रत्येक जण मनातल्या मनात आपण केलेलं काम पुन्हा एकदा करून बघत असतो. तो बोल्ट मी टॉर्कला घट्ट केला होता ना? ती पिन बसली होती ना? वैमानिक मेले म्हणून गप्प असतात, आम्ही जिवंत असून गप्प असतो. आणि बाहेर कुणीतरी टीव्हीवर चार मिनिटांत कारण सांगून मोकळा झालेला असतो.

आता जरा मागे जाऊ, कारण मुद्दा अहमदाबादपुरता नाही. २६ एप्रिल १९९३ आठवतो का? तेव्हाच्या औरंगाबादेतून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टी संपल्यावर बाहेरच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं. ११८ जणांपैकी ५५ गेले. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, हे चौकशीत निघालं. पण त्याच दमात हेही निघालं की विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्याचं काम विमानतळ प्राधिकरणाने केलं नव्हतं. पायलटची चूक होती, आणि ट्रक तिथे असणं ही पायलटची चूक नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. आपल्या मथळ्यात एकच मावते.

२०१८ साली इंडोनेशियात लायन एअरचं ७३७ मॅक्स समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. त्यानंतर किती तरी जाणत्या लोकांनी नाकं मुरडली की तिकडच्या वैमानिकांचं प्रशिक्षणच कच्चं. पाच महिन्यांत इथिओपियात तसंच विमान पडलं, आणखी १५७ गेले. दोन्ही अपघातांच्या मागे निघालं ते हे की विमानात एक अशी प्रणाली होती जी एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक खाली दाबत होती, आणि तिची माहितीच वैमानिकांच्या पुस्तिकेत दिलेली नव्हती. लायन एअरच्या विमानावर बसवलेला सेन्सर दुरुस्तीच्या वेळी चुकीचा जुळवलेला होता. माझ्या पेशाच्या माणसाला ही ओळ वाचवत नाही. पहिल्या अपघातानंतर “पायलट कच्चे” एवढ्यावर जग समाधान मानून बसलं नसतं, तर दुसरं विमान त्या दिवशी उडालं असतं का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

पण मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते मंगळूर आणि कोळिकोड यांबद्दल.

२२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावर सपाट केलेल्या, धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत पडलं. १६६ पैकी १५८ गेले. चौकशी न्यायालयाचं नेतृत्व हवाई दलाचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांनी केलं. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातलं एकच लक्षात आहे, कॅप्टन झोपला होता. हो, प्रवासात तो बराच वेळ झोपला होता आणि झोपेतून उठल्यावर मेंदूवर राहणारी सुस्ती अहवालाने नोंदवली आहे. विमान चुकीच्या उंचीवरून येत असताना सहवैमानिकाने तीन वेळा सांगूनही त्याने उतरणं सोडलं नाही, हे मुख्य कारण म्हणून लिहिलं आहे. कोणी झाकलेलं नाही. पण पुढची पानं कुणी वाचली? मंगळूरचं रडार त्या दिवसांत बंद होतं, त्यामुळे विमानाला नेहमीपेक्षा उशिरा खाली यायची परवानगी मिळाली. रात्रभराच्या उड्डाणात माणसाचं शरीर कसं साथ सोडतं, तेही त्यात आहे. आणि कॅप्टनला “नको, वर चल” असं सांगणाऱ्या धाकट्याचं कॉकपिटमध्ये का चालत नाही? माझ्या मते हा त्या अहवालातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण आपल्या घरात, कारखान्यात, कचेरीत वडीलधाऱ्याला थांबवायची सवयच नाही.

दहा वर्षं गेली. ७ ऑगस्ट २०२० रोजी रात्री, पावसात, त्याच कंपनीचं विमान केरळात कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे जाऊन पडलं. २१ जण गेले. पुन्हा अस्थिर उतरणं, पुन्हा धावपट्टी अर्धी संपल्यावर टेकलेली चाकं, पुन्हा सहवैमानिकाचं ‘गो अराउंड’ (उतरू नको, वर चल) आणि पुन्हा ते न ऐकणं. कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान त्यालाच न्यायचं होतं आणि त्या तळावर कंपनीकडे कॅप्टनांचा तुटवडा होता. या वेळी अहवालाने संस्थेच्या पातळीवरच्या त्रुटींनाही अपघाताला हातभार लावणारी बाब म्हणून नोंदवलं.

मंगळूर आणि कोळिकोड यांच्या मधली दहा वर्षं, हीच माझी तुमच्याकडची तक्रार आहे. त्या दहा वर्षांत मंगळूरच्या शिफारशींचं काय झालं, हे एखाद्या मराठी दैनिकाने सातत्याने विचारलेलं माझ्या वाचनात नाही. अपघाताच्या दिवशी आठ कॉलम, आणि दोन-तीन वर्षांनी अंतिम अहवाल येतो तेव्हा आतल्या पानावर, जाहिरातीच्या बाजूला, आलीच तर चार ओळी. लोकांना मग कारण कळतं ते पहिल्या दिवसाचं. पुढे काय बदललं आणि काय बदललं नाही, हे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

दोषारोपाची ही घाई वैमानिकांना का झोंबते, तेही समजून घ्या. नुसता मान-अपमानाचा प्रश्न नाही. हँगरमध्ये प्रत्येक हत्याराची जागा फळीवर आखलेली असते. पाळी संपताना मोजदाद होते आणि एक जरी कमी भरलं तरी विमान सोडत नाहीत. एका रात्री आमच्याकडचा एक नवा पोरगा स्वतःहून पुढे आला, “सर, माझा एक स्क्रू-ड्रायव्हर सापडत नाही.” विमान थांबवलं, पॅनेल उघडली, सकाळचं उड्डाण चुकलं, प्रवासी चिडले. स्क्रू-ड्रायव्हर एका पॅनेलच्या आत कंट्रोल केबलजवळ सापडला. त्या पोराला कुणी शिक्षा केली नाही, उलट आमच्या मुख्य अभियंत्यांनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कारण त्याला त्या रात्री फाडून खाल्लं असतं, तर पुढचा पोरगा गप्प बसला असता. विमान सुरक्षित राहतं ते अशा हजारो कबुलीजबाबांवर. वैमानिक चुकीच्या उंचीवर गेल्याचं स्वतः कळवतो, थकलो होतो म्हणून सांगतो. उद्या आपलं वाक्य तोडून मथळ्यात येणार असेल, तर तो कळवेल का?

याचा अर्थ वैमानिक चुकत नाहीत असं नाही. त्यांच्या संघटनाही कधी कधी पहिल्या दिवशीच “आमचा माणूस निर्दोष” म्हणून उभ्या राहतात, तेही मला मान्य नाही. निर्दोष ठरवण्याची घाई ही पण घाईच. २००९ साली न्यूयॉर्कला पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेलेलं विमान हडसन नदीत उतरवलं गेलं आणि १५५च्या १५५ वाचले, तरीसुद्धा चौकशी झालीच. सिम्युलेटरमध्ये लगेच वळलेली काही विमानं विमानतळावर परत पोहोचू शकली. पण माणसाला काय झालंय ते उमगायला आणि ठरवायला लागणारे ३५ सेकंद त्यात धरले, तेव्हा विमान पडलं. चौकशी चोख झाली म्हणूनच त्या कॅप्टनचा निर्णय बरोबर होता हे सिद्ध झालं. अहमदाबादच्या त्या दोघांकडे तर जमीन सोडल्यापासून ३२च सेकंद होते.

लोकांच्या मनातला संशय मात्र मी उडवून लावणार नाही. आपलं चौकशी मंडळ नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे आणि ज्यांच्या देखरेखीत कसूर झाली का ते तपासायचं, ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयही त्याच मंत्रालयाखाली. अमेरिकेने १९७४च्या कायद्याने आपलं मंडळ परिवहन खात्यापासून पूर्ण वेगळं केलं. आपल्याकडे ते व्हावं ही वैमानिकांची आणि माझीही इच्छा आहे. या विषयावर अग्रलेख लिहा. पायलटवर लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

शेवटी आपल्या उजळाईवाडीबद्दल. छत्रपती राजाराम महाराजांच्या दूरदृष्टीचा हा विमानतळ, आज तिथून रोज विमानं जातात, रात्रीही उतरतात. नवं टर्मिनल झालं तेव्हा तुम्ही पानंच्या पानं फोटो छापलेत, आनंद वाटला. आता हे पण बघा. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिघात जनावरं कापणं किंवा सोलणं, पक्षी गोळा होतील असा कचरा उघड्यावर टाकणं, याला विमान नियमावलीतल्या ९१व्या नियमाने बंदी आहे. गडमुडशिंगी, तामगाव, नेर्ली, गोकुळ शिरगाव या सगळ्या भागांत हा नियम किती जणांना माहीत आहे? घारी कुठे घिरट्या घालतात, कोंबडीची दुकानं उरलेलं कुठे टाकतात, धावपट्टीच्या रेषेत पतंग उडतात का, वरातीतले लेझर आकाशात फिरतात का, ही बातमी तुमचा वार्ताहर दुचाकीवर एका दिवसात आणू शकतो. धावपट्टीमुळे गावाचा रस्ता वळवायचा विषय निघाला की आपण तो फक्त गैरसोय म्हणून छापतो. लोकांची गैरसोय खरीच असते, तिच्यावर तोडगा हवाच. पण त्या बातमीत बीड रस्त्यावरचा तो कापसाचा ट्रकही एका ओळीत येऊ द्या.

माझी मागणी फार मोठी नाही. “पायलटची चूक” हे शब्द अंतिम अहवालाआधी मथळ्यात नकोत. प्राथमिक अहवालाला प्राथमिक म्हणा, आणि त्यात काय नाही तेही त्याच बातमीत लिहा. मृत वैमानिकाच्या घरासमोर कॅमेरे लावू नका, तिथे म्हातारे आईवडील असतात. आणि अंतिम अहवाल येईल तेव्हा त्याला पहिलं पान द्या. अंतिम अहवाल शक्यतो वर्षाच्या आत यावा आणि नाही आला तर प्रत्येक वर्षदिनी चौकशी कुठवर आली ते मंडळाने जाहीर करावं, असा नियम आहे. तेव्हा १२ जून २०२६ ही तारीख आपल्या वृत्तसंपादकांच्या डायरीत आजच लिहून ठेवा आणि त्या दिवशी दिल्लीला फोन लावून विचारा. अहवाल हातात पडला की त्यातली तांत्रिक पानं समजावून सांगायला मी तुमच्यापैकी कुणाच्याही कार्यालयात यायला तयार आहे. दुपारी तीननंतर मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
राजारामपुरी, कोल्हापूर